उन्हातली सुरई

९ जानेवारी

चि. ठकूस आशीर्वाद. नेहमीचे, आणि नोकरी लागल्याबद्दल दोन वरकड.

तुझं पत्र पोचलं. पाकिटावरचा पत्ता वाचून घ्यायला पोस्टमन माझ्याकडेच आला, म्हणून पोचलं. इतकं शिकूनही अक्षर तेच राहिलं, हे सातत्य कौतुकास्पद आहे.

फोन का करत नाही, असं विचारतेस. फोनवर मला 'हं' आणि 'बरं' ही दोन अव्ययंच सुचतात. सव्वीस वर्षं संस्कृत शिकवून ही संपदा. यंदा वर्गात अकरा मुलं आहेत. त्यांतल्या सात जणांना कुणीतरी सांगितलंय की या विषयात मार्क पडतात. उरलेली चार रस्ता चुकून आली असावीत, पण बसली आहेत.

घरचं म्हणशील तर मी आणि झाड. दवाखान्याच्या खिडकीतली ती कुंडी. तुझी मामी गेल्यावर नर्सताईंनी माझ्या हातात दिली. "तुमच्या मिसेस आल्या तेव्हा काडी होती नुसती. त्यांचा हात लागला आणि बघा कशी अंगाने भरली," म्हणाल्या. आता ती स्वयंपाकघराच्या खिडकीत असते. मी तिला आपल्या काचेच्या सुरईने पाणी घालतो. ती सुरईही तेव्हा दवाखान्यात होती, परत आली. जिला परत यायचं होतं तेवढी सोडून बाकी सगळं सामान परत आलं.

असो. जेवत जा.

तुझा मामा

ता. क.

(ही जागा रिकामी का, असं वाटेल. एकोणतीस वर्षं मी लिहिलेल्या प्रत्येक पत्राचा ताजा कलम तुझ्या मामीने लिहिला. मी लिहायचो ते पत्र, आणि ती लिहायची ती बातमी. मार्चमध्ये दोन वर्षं होतील, तरी हात आपोआप 'ता. क.' लिहितो आणि कागद टेबलापलीकडे सरकवतो.)


२१ जानेवारी

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

अक्षर सुधारायचा प्रयत्न करते आहे. जमेल तेवढं चालवून घ्या.

नळाला जी दिव्याची पेटी लावतात ना, दवाखान्यांत, वसतिगृहांत, पाणी शुद्ध करायला? ती बनवणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी आहे. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एक उबदार कपाट आणि आमच्या मुख्य बाई. काम सोपं आहे. जंतू असलेलं पाणी दिव्याच्या अतिनील किरणांखाली धरायचं. मग त्यातला थेंब काचेच्या चपट्या बशीत, थिजलेल्या रसावर पसरायचा. बशी उबेला ठेवायची आणि दोन दिवसांनी ठिपके मोजायचे. प्रत्येक ठिपका म्हणजे एक जंतू जगला आणि त्याचं गोकुळ झालं. दिवा चांगला असेल तर ठिपका एकही नको.

इथे एक रीत आहे. थेंब पसरला की बशी लगेच काळ्या कागदात गुंडाळायची. मी कारण विचारलं. बाई म्हणाल्या, "माझ्या आधीच्या बाई गुंडाळायच्या. तुझं काय अडलं?"

परवाच्या आठवड्यात कागद संपला. चार बशा मी तशाच खिडकीच्या कट्ट्यावर ठेवल्या, दुपारी उबेला लावल्या. दोन दिवसांनी कपाट उघडलं तर चारही बशा ठिपक्यांनी भरलेल्या. मी धुऊन, उकळून, नवे हातमोजे घालून पुन्हा केलं. पुन्हा तेच. बाई म्हणाल्या, "हात धुतेस की नुसते ओले करतेस?" आणि म्हणाल्या की माझी सहा महिन्यांची उमेदवारी आहे, आणखी एकदा असं झालं तर त्या सही करणार नाहीत.

हसू नका मामा, मला त्या कपाटाची भीती वाटायला लागली आहे. दार उघडायच्या आधी मी थांबते. ज्यांना मी स्वतः मारलं, मेलेले म्हणून वहीत लिहिलं, ते माझ्या पाठीमागे उठून बसतात. आणि दुसऱ्या कुणाच्या नाही, माझ्याच बशांत.

तुमची ठकू


२८ जानेवारी

चि. ठकूस आशीर्वाद.

हसलो नाही. मिशीत थोडंसं, पण ते धरत नाहीत.

तुझ्या बाई रागावल्या आहेत, पण त्यांनी कारण दिलेलं नाही. आणि कारण न देता रागावणं हे आम्हा शिक्षकांचं जुनं भांडवल आहे, त्याला भिऊ नये. रीत मात्र नीट बघ. रीत म्हणजे वाळवून ठेवलेलं कारण असतं. घालणारा जातो, कारण विसरतं, रीत तेवढी बरणीत राहते. त्या आधीच्या बाईंनी हौस म्हणून कागद गुंडाळला नसेल.

आमच्या न्यायशास्त्रात एक साधं हत्यार आहे: अन्वय आणि व्यतिरेक. जे असलं की गोष्ट होते आणि नसलं की होत नाही, तेच तिचं कारण. बाकी सगळ्या गप्पा. तेव्हा एकाच भांड्यातला थेंब दहा बशांत घाल. पाच गुंडाळ, पाच उघड्या ठेव. हात तेच, पाणी तेच, कपाट तेच. मग बघ तुझी भुतं कुठे उतरतात.

दोन हजार वर्षांपूर्वीचं हत्यार आहे, गंजलेलं नाही. वापरून झालं की परत कर.

मामा

ता. क.


१६ फेब्रुवारी

मामा, मामा, मामा!

नमस्कार राहिला, तो इथे घ्या.

गुंडाळलेल्या पाच: शून्य. उघड्या पाच: प्रत्येकीत आठशेच्या आसपास. मी तीनदा केलं. मग बाईंनी स्वतःच्या हाताने केलं, तरी तेच. मग त्या वाचनालयातून एक जाडजूड ग्रंथ घेऊन आल्या, आणि आम्ही दोघी जेवायचं विसरून वाचत बसलो. तुमचं हत्यार साभार परत.

तुम्हाला समजेल असं सांगते (टोमणा आहे, लागू द्या). जंतूच्या पोटात डीएनएचा लांब धागा असतो, आणि त्याने कसं जगायचं ते सगळं त्यावर चार अक्षरांत लिहिलेलं असतं. दिव्याचे किरण पडले की शेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटतात. गाठ बसते. जंतूला पुढचं वाचता येत नाही, स्वतःची नक्कल काढता येत नाही, वाढता येत नाही. आम्ही म्हणतो मेला. पण तो मेलेला नसतो, अडलेला असतो.

आणि त्याच्याजवळ एक एन्झाइम असतं. ते अंधारातसुद्धा ती गाठ शोधून काढतं आणि तिला धरून बसतं. सोडवायचं बळ मात्र त्याच्यात नसतं. ते बळ उजेडातून येतं, निळ्या-जांभळ्या उजेडातून. त्या उजेडाचा एक कण पडला की पापणी लवायच्या आत गाठ सुटते, आणि जंतू जिथे थांबला होता तिथून पुढे वाचायला लागतो!

किती सुंदर आहे हे! अंधारात गाठीवर बोट ठेवून कुणीतरी सकाळची वाट बघत बसलंय. उजेड मारतो आणि उजेडच उठवतो.

बाईंनी सही केली. वर म्हणाल्या, "त्या आधीच्या बाई हुशार होत्या, पण मेल्या बोलायच्या नाहीत." आता आमच्या दिव्याबरोबर जो कागद जातो त्यावर एक ओळ वाढणार: शुद्ध केलेलं पाणी झाकून, अंधारात ठेवावं. ती ओळ माझी आहे. म्हणजे तुमचीच.

खुशीत,
ठकू


१२ मार्च

चि. ठकूस आशीर्वाद.

उशीर झाला. काही गोष्टी विचारायच्या आहेत.

साध्या काचेतून तो उजेड जातो का? खिडकीची काच आणि पाण्याच्या भांड्याची काच, अशा दोन असल्या तरी?

बशीऐवजी भांडंभर पाणी असेल तर?

किती वेळ लागतो?

मामा


१८ मार्च

ती. मामा, सा. न.

तीन ओळींचं पत्र! आणि एकही खोडी नाही! वार्षिक परीक्षेच्या पेपरांनी तुमचा जीव घेतलेला दिसतो. की वर्गातल्या त्या चार रस्ता चुकलेल्यांना सांगायचं आहे?

उत्तरं क्रमाने. साध्या काचेतून जातो, दोन काचांतूनही. मारणारे किरण काच अडवते, उठवणारा उजेड सोडते. बघा काचेचा पक्षपात. भांड्यातल्या पाण्यातही होतं. पितळेच्या, स्टीलच्या झाकल्या भांड्यात नाही, पण काचेच्या भांड्यात छान होतं. वेळ म्हणाल तर दोन तास उन्हात पुष्कळ झाले. सकाळभर ठेवलंत तर मग विचारूच नका.

तेच पाणी कपाटात झाकून ठेवलं असतं तर काही झालं नसतं. फरक इतकाच!

वर्गात सांगाल तेव्हा भाचीचं नाव घ्या.

ठकू

ता. क. तुम्ही या वेळी 'ता. क.' लिहून जागा सोडली नाहीत. मी उगाच कागद उलटून पाहिला.


२ एप्रिल

चि. ठकूस आशीर्वाद.

वर्गात सांगायचं नव्हतं.

तुझ्या मामीचं ऑपरेशन किरकोळ होतं, हे तुला ठाऊक आहे. आठवड्यात घरी, असं डॉक्टर म्हणाले होते. वॉर्डाच्या टोकाला नळ होता आणि नळावर तुझ्या दिव्याची पेटी. नर्सताई रोज सकाळी आपली घरची सुरई तिथून भरून आणायच्या आणि खाटेशेजारच्या कपाटात ठेवायच्या. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "भाऊ, पाणी कपाटातच राहू द्या हं. आमची रीत आहे." मी कारण विचारलं. त्यांना ठाऊक नव्हतं.

मी हसलो. सूर्य आरोग्य देतो हे ज्याने शेकडो मुलांकडून घोकून घेतलं, त्याला एक नर्स पाणी अंधारात ठेवायला सांगते! मी सुरई काढली आणि खिडकीत उन्हात ठेवली, कुंडीच्या शेजारी. पूर्वेची खिडकी. अकरापर्यंत ऊन यायचं. मग मी खाली चहाला जायचो. परत येईपर्यंत सुरई रिकामी असायची. मला किती बरं वाटायचं, ठकू. म्हणायचो, "बघ, उन्हातलं पाणी कसं गोड लागतं." ती मान हलवायची. नर्सताई दुपारी कपाटात दुसरं भांडं ठेवून जायच्या, त्याकडे मी बघायचोही नाही.

असं पाच दिवस. सहाव्या दिवशी ताप आला. रक्तात जंतू गेलेत म्हणाले. त्यानंतर ती स्वतःहून काही प्यालीच नाही, नर्सताई चमच्याने पाजायच्या. अकराव्या दिवशी संपलं. शेजारच्या पाच खाटांवर तेच डॉक्टर, त्याच नर्स, त्याच नळाचं पाणी. त्या पाचही जणी चालत घरी गेल्या. फरक एकच होता.

अन्वय आणि व्यतिरेक. तुला पाठवलेलं हत्यार तू धार लावून परत केलंस.

स्वयंपाकघराची खिडकी मी बंद केली आहे. तरी फटीतून सकाळी एक रेघ येते आणि टेबलावरून सरकत सुरईपर्यंत जाते. मी खुर्ची ओढून तिच्या आड बसतो. हे वेड आहे, मला कळतं. तू म्हणालीस ना, अंधारात कुणीतरी गाठीवर बोट ठेवून वाट बघत असतं? मला ते सारखं दिसतं. लाखोंनी बसलेले, निपचित. आणि पलीकडून एक शहाणा माणूस सुरई घेऊन खिडकीकडे चाललेला.

तुझा यात काही दोष नाही. तू फक्त दिवा लावलास. पण एक सांग, आणि मामा म्हणून नको, बशी समोर ठेवल्यासारखं सांग. मी केलं का हे?

मामा


१९ एप्रिल

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

सतरा दिवस लागले. पहिले सात दिवस मी काम करत होते, पुढचे दहा दिवस भीत होते.

आधी काम. मी बाजारातून तुमच्यासारखीच सुरई आणली. दिव्याखालचं पाणी भरलं, पूर्वेच्या खिडकीत अकरापर्यंत ठेवलं. उठतात, मामा. बशी समोर ठेवल्यासारखं सांगायचं म्हणालात, तर हे असं आहे. पण हे मी मुद्दाम जंतू घातलेलं पाणी. त्या नळाच्या पाण्यात त्या आठवड्यात कोणते होते, किती होते, होते की नव्हते, ते आता कुणालाच कळणार नाही. बाईंना विचारलं (नाव न सांगता). त्या म्हणाल्या की ऑपरेशननंतर रक्तात जंतू जायच्या पंचवीस वाटा असतात, पाणी त्यातली एक, आणि तीही फार रुळलेली नाही.

आता भीती. तुमचं पत्र वाचताच मला एक कार्ड आठवलं. मामीने मला दवाखान्यातून पाठवलं होतं, माझी परीक्षा चालू होती तेव्हा. तुम्हाला दाखवणार नाही असं मी तिला वचन दिलं होतं, आणि एक गंमत म्हणून ठेवून दिलं होतं. त्यात एक ओळ आहे जी तुम्हाला हवी आहे, आणि एक ओळ अशी आहे की ती नसती तर बरं झालं असतं. मी त्या दुसऱ्या ओळीशिवाय कार्डाची नक्कल केली. चार वेळा केली. तुम्हाला लिहिलं, की मूळ कार्ड हरवलं, जेवढं आठवतं तेवढं पाठवते. पाकीटही बंद केलं.

पण जी बशी सोयीची नाही तीही वहीत लिहायची, हे मी याच वर्षी शिकले, आणि तुमच्याच पत्रातून. पाकीट फाडलं. मूळ कार्ड सोबत आहे. तारीख बघा, पाचव्या दिवसाची आहे.

मामी, माफ कर.

ठकू

(सोबतचं कार्ड)

ठकूबाई, मोठं पत्र लिहायचं त्राण नाही, म्हणून नुसता ता. क. पाठवते. पत्र हे लिहितील तेव्हा वरती जोडून घे.

ता. क. यांनी पिण्याचं पाणी उन्हात ठेवायचं व्रत घेतलंय. पहिल्या दिवशी पेलाभर प्याले. शी! अंघोळीचं पाणी बरं. दुसऱ्या दिवसापासून हे चहाला खाली उतरले की सगळी सुरई कुंडीत ओतते आणि नर्सताईंचं कपाटातलं गार पाणी पिते. हे वर येऊन रिकामी सुरई बघतात आणि असे खुलतात की काय सांगू. झाडही खुललंय. यांना एक अक्षर बोलू नकोस हं, उपास धरून बसतील. पेपर नीट लिही. अक्षर बघून मार्क कापतात.


२८ एप्रिल

चि. ठकूस आशीर्वाद.

कार्ड मी किती वेळा वाचलं ते विचारू नकोस. दोन वर्षांनी तिचा ताजा कलम आला, आणि त्यात बातमी काय, तर मी मूर्ख आहे. तिने याआधी धाडलेल्या बातम्याही बहुतेक याच होत्या.

कुंडीत! एकोणतीस वर्षांच्या संसारात या बाईने माझ्या किती श्रद्धा कुंडीत ओतल्या असतील, याचा आता हिशोब लागत नाही. मी खाली चहा पीत होतो. वर झाड पाणी पीत होतं. आणि नर्सताई म्हणतात, हात लागला!

तू ती ओळ खोडली नाहीस हे बरं केलंस. खोडली असतीस तर मला कळलं असतं. तुझ्या मामीने पहिल्या दिवशीसुद्धा पाणी ओतलं असेल हे मी मानलं नसतं. पाच सुरयांचं ओझं एका पेल्यावर आलं. हलकं झालं असं म्हणवत नाही. पाच सुरया उचलून धरायला दोन्ही हात लागायचे, तेवढं तरी काम होतं. पेला एका हातात मावतो आणि खाली कुठे ठेवावा ते कळत नाही. त्यातून आता ती कशाने गेली, हा प्रश्न पुन्हा मोकळा झाला. पंचवीस वाटा म्हणतात तुझ्या बाई. दोन महिने मला निदान वाट ठाऊक होती.

खिडकी उघडली आहे. मनाचा मोठेपणा वगैरे नाही. झाड पांढुरकं पडलं होतं, मान टाकली होती. रोज सकाळी सुरई भरून त्याच्या शेजारी उन्हात ठेवतो, अकराला त्याला घालतो. त्याला तीच सवय आहे. ऊन सुरईत उतरतं तेव्हा मी अजूनही नजर वळवतो. आत कोण उठतंय ते बघायची हिंमत नाही. पण खुर्ची आड घालत नाही.

तुझ्या बाईंना नमस्कार. त्या आधीच्या, न बोलणाऱ्या बाईंनाही.

मामा

ता. क. ही जागा आज मी भरतो. पहिल्या दिवशी मी चहाला गेलो नव्हतो. तिच्या समोर बसून होतो, ती पिते का ते बघत. म्हणून प्याली.